मधले दोन सिलिंडर

दुसऱ्या सिलिंडरवर मुलीच्या हातातल्या दाबमापकाचा काटा साठला थांबला. तिसऱ्यावर पंचावन्नला. पहिला आणि चौथा मात्र दीडशेला टेकले.

"बघ!" वडील म्हणाले. "शेजारशेजारचे दोन मेलेत. म्हणजे दोघांमधली हवा अडवणारं गॅस्केट गेलं. आणि ते बसवलं कुणी? या माणसानं!"

हा माणूस म्हणजे मिस्त्री. तीस वर्षं ही जुनी गाडी त्यांच्याच हाताखालून गेली होती. आज ते अंगणाच्या कडेला उभे होते आणि त्यांना बसा म्हणायचं कुणालाही सुचलं नव्हतं.

महिन्यापूर्वी आजारी आईला दवाखान्यात नेताना हीच गाडी चढावर बंद पडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत आई मागच्या सीटवरच गेली. वडिलांनी मिस्त्रींवर तक्रार ठोकली. मुलगी इंजिनतपासनीस होती आणि कामात बापाचीही भीड ठेवत नाही असा तिचा लौकिक, म्हणून तपासणीला ती दोन्ही बाजूंना चालली. तिची सही झाली की सोमवारी मिस्त्रींच्या गॅरेजला टाळं.

"मिस्त्री, गॅस्केट कधी बदललंत?"

"वहिनी जायच्या दोन महिने आधी."

"त्यानंतर इंजिन कुणी उघडलं?"

"माझ्याकडे गाडी आली नाही."

"बाबा, तुम्ही?"

वडिलांनी कानावर हात ठेवले. "मला बॉनेट कुठून उघडतात तेवढंच ठाऊक. ते उघडायला कारणच काय?"

"मधे काका गाडी घेऊन गेले होते ना?"

पायरीवर बसलेला काका दचकला. "चार दिवस. वहिनी जायच्या महिनाभर आधी. नुसती टिकटिक, टिकटिक! कान किटले माझे. जशी नेली तशी आणून लावली. ते पाप माझ्या माथी नको."

तिनं वहीत लिहून घेतलं. मग चमचा आणायला घरात गेली. स्वयंपाकघराची वाट आईच्या खोलीतून होती. पलंगावर गादी गुंडाळलेली, तिच्यावर आजारपणातलं लालसर रबरी कापड घडी करून ठेवलेलं. त्याची एका बाजूची लांब पट्टी कातरीनं सरळ कापून काढली होती. खिडकी उघडी होती आणि खिडकीखालीच गाडी उभी होती.

बाहेर येऊन तिनं दोन्ही मेलेल्या सिलिंडरांत चमचाभर तेल सोडलं आणि पुन्हा मोजलं. काटा ढिम्म.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर तेलानं फट भरून काटा वर गेला असता. म्हणजे रिंगा ठीक आहेत."

"मी काय सांगतोय मग? गॅस्केट!" वडील म्हणाले.

"थांबा."

तिनं दुसऱ्या सिलिंडरात पंपानं हवा भरली. तिसऱ्याच्या स्पार्क प्लगच्या भोकावर कागदाचा कपटा ठेवला. गॅस्केट फुटलं असतं तर हवा शेजारच्या सिलिंडरात घुसली असती आणि कपटा उडाला असता. कपटा हलला नाही. हवा फुसफुसत होती ती गाडीच्या मागे, सायलेन्सरमधून.

मिस्त्रींनी डोळे मिटले. तीस वर्षांच्या कानाला ते आधीच कळलं होतं. पण आरोपीच्या बोलण्याला किंमत ती काय?

"धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह मिटत नाहीये," ती म्हणाली. "गॅस्केटचा संबंध नाही."

तिसऱ्याचीही तीच कथा निघाली. तिनं इंजिनाचं वरचं झाकण खोललं आणि हात तिथंच थांबवला. झाकणाखाली तेल पिऊन फुगलेली लालसर रबरी पट्टी होती.

"मिस्त्री, तुम्ही पॅकिंग कुठलं लावलं होतं?"

"बुचाचं. दुसरं मी लावतच नाही. आणि ते नट बघ पोरी, कोपरे खाल्लेत. पकडीनं फिरवलेत कुणीतरी. मी पान्याशिवाय हात लावत नाही."

व्हॉल्व्हवर नखाच्या जाडीएवढी फट असते, ती तिनं मापाच्या पातळ पोलादी पत्रीनं तपासली. सहा ठिकाणी पत्री अलगद सरकली. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या त्या दोन व्हॉल्व्हांवर शिरलीच नाही.

"मग हे यानंच केलं!" वडिलांनी सख्ख्या भावाकडे बोट दाखवलं. "कान किटले म्हणून आत्ताच बोलला ना!"

 मुलीला त्या बोटाची शिसारी आली.

"काकांनी गाडी परत आणली तेव्हा ती टिकटिकत होती," ती म्हणाली. "त्यानंतर आठवड्यानं आईचा फोन आला होता. म्हणाली, हल्ली गाडी आलेली कळतच नाही बघ. म्हणजे त्या आठवड्यात आवाज गेला. तेव्हा गाडी कुणाकडे होती, बाबा?"

वडिलांनी भावाकडे रोखलेलं बोट खाली घेतलं.

"तापलं की लोखंड वाढतं, म्हणून ती फट ठेवतात. फट असली की टिकटिक व्हायचीच. कुणीतरी सगळ्यात मोठ्यानं वाजणारे दोन शोधून आवळून टाकले. आवाज गेला, पण व्हॉल्व्ह मिटेनात, जळत गेले. झाकण काढताना बुचाचं पॅकिंग तुटलं, म्हणून त्या माणसानं घरात सापडलं ते कापून लावलं. आईच्या अंथरुणातलं रबर, बाबा. बाकीचं अजून पलंगावर आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिचा आवाज तरी हलला नाही.

वडील मडगार्डवर टेकले. "पहाटे गाडी सुरू केली की तुझी आई कूस बदलायची. वेदनांनी आधीच झोप नव्हती तिला. मला वाटलं, निदान हा आवाज तरी... मिस्त्री आवाज कसा शोधतो ते बघितलं होतं मी."

"कळलं कधी तुम्हाला?"

"चढावर. गाडीनं मान टाकली तेव्हाच."

"तरी तक्रार केलीत?"

"मग काय सांगू लोकांना? मी मारलं तिला म्हणून?"

"म्हणून माझ्या नावानं फोडलंत खापर," मिस्त्री म्हणाले. "मी सांगितलं होतं तुम्हाला, टिकटिक असू द्या. नकोच होती तर एकदा विचारायचं होतंत. दुकान राहील माझं. पण अर्धी गिऱ्हाइकं गेली, ती कुणाच्या तोंडाकडे बघून परत येतील?"

वडिलांनी हात जोडले. मिस्त्री ते हात न बघता फाटकाबाहेर गेले. काकाही त्यांच्या मागोमाग उठला.

मुलीनं अहवाल लिहिला. काही वगळलं नाही. कुणी, कधी, पकडीनं, रबर कुठलं, सगळं. खाली सही केली आणि कागद बापापुढे धरला. त्यांनीही सही केली.

"एक मात्र आहे," ते खालमानेनं म्हणाले. "शेवटचे तीन आठवडे तरी तिला शांत झोप लागली असेल. नाही का गं?"

फोनवर आई पुढेही बोलली होती. ती टिकटिक कानावर आली की मला कळायचं, आले हे घरी. मग कुठं डोळा लागायचा. आता नुसती जागीच असते.

राग अजून गेला नव्हता. हे एक वाक्य फेकून मारलं असतं तर तो शमला असता.

"हो, बाबा," ती म्हणाली. "लागली." आणि झाकण पुन्हा बसवायला तिनं खोक्यातून बुचाचं पॅकिंग काढलं.