डाव्या हाताची अक्षरं

आमची खोली इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धोबीखान्याच्या वर होती. खालून दिवसभर वाफ यायची. त्यामुळे भिंती कोमट असत आणि सगळ्या कागदांना ओल्या चादरींचा वास लागे. खोलीत चार टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर तो करकरत छापायचा, आणि तो सुरू झाला की आम्ही बोलणं थांबवायचो.

आम्ही चौघं होतो. आमचे प्रमुख पूर्वी गणित शिकवायचे, म्हणून ते मास्तर. एकाला सगळे बडबड्या म्हणायचे; तो झोपेतही बोलतो असं त्याची बायको सांगे. एक अबोली, जी दिवसाकाठी दहा वाक्यं बोलायची. आणि मी धाकटी. आज पंचाहत्तरी उलटली, पण ती हाक मारणारं कुणी उरलं नाही याचंच कधीकधी वाईट वाटतं.

नवजात बाळांच्या वॉर्डासाठी आम्ही प्रोग्रॅम लिहीत होतो. खाटेचा नंबर आणि बाळाचं वजन दिलं की सलाईनमधून औषध किती वेगानं सोडायचं ते मशीन छापून देणार. तोवर वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर तो हिशोब कागदावर करत. पूर्ण दिवसांच्या बाळाचा वेग आणि सातव्या महिन्यात आलेल्या बाळाचा वेग यांत जमीनअस्मानाचा फरक. चूक झाली तर ती दुरुस्त करायला बाळ थांबत नाही, हे मोठ्या सिस्टरनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

म्हणून मास्तरांनी नियम घातला होता. आपण लिहिलेलं पान दुसऱ्यानं वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. आज यात नवल नाही, तेव्हा होतं. पण मास्तरांच्या आधीच्या नोकरीत दोन जिवलग मित्र अशाच एका दुरुस्तीवरून कायमचे बोलेनासे झाले होते. त्याची धास्ती त्यांनी घेतली होती.

"चूक पानाची असते, माणसाची नाही," ते म्हणायचे. "म्हणून पानावर नाव नको, आणि वाचणाऱ्याचंही नको."

खोलीच्या मागे एक लहान खोली होती. तिथे एक टेबल, एक खुर्ची, दोन ट्रे आणि पेन्सिलींनी भरलेली एक बरणी. संध्याकाळी जाताना आपली पानं वरच्या ट्रेमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपल्या सवडीनं अर्धा तास तिथे बसायचं, वरच्या ट्रेमधलं दुसऱ्याचं पान वाचायचं, शंका समासात पेन्सिलीनं लिहायची आणि पान खालच्या ट्रेमध्ये टाकायचं. आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहायचं डाव्या हातानं. कुणी काय वाचलं ते विचारायचं नाही, सांगायचं नाही.

"डावखुरा असेल त्यानं काय करायचं?" बडबड्यानं विचारलं.

"तू आहेस का?"

"नाही."

"मग गप्प बस."

दीड वर्ष हा नियम चालला. मी अकराच्या सुमाराला जायची. वरचा ट्रे नेहमी रिकामा, सगळी पानं वाचून खालच्या ट्रेमध्ये पडलेली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मला उशीर होतोय. मग दहाला गेले, नऊला गेले. तेच. मी समजले की बाकीचे तिघे वाचून मोकळे होतात आणि धाकटीच्या वाट्याला मुद्दाम काही ठेवत नाहीत. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. माझ्या ताईला दिवस गेले होते. मी त्या अर्ध्या तासात बसून तिच्या बाळाचा स्वेटर विणायला घेतला. पिवळा.

माझ्या पानांवर मात्र शंका येत. वाकडी, सुटी सुटी अक्षरं. हुकूम कधी नसे, फक्त प्रश्न. "इथे शून्य आलं तर?" "हे दोनदा दाबलं गेलं तर?" साधे प्रश्न, पण दर वेळी नेमकं दुखऱ्या जागी बोट. त्या प्रश्नांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही.

एकदा प्रश्न आला, "दहाव्या ओळीनंतरची ओळ का काढलीस?"

ती ओळ मी पान छापायच्या आधीच स्क्रीनवरून काढली होती. कागदावर ती कधी आलीच नव्हती. मी थोडा वेळ पान हातात धरून बसले. मग आठवलं, अबोलीचा आणि माझा कॉम्प्युटर एकच. तिनं मागून पाहिलं असणार. ओळ परत घातली. तिची गरज होतीच.

दुसऱ्या वेळी बडबड्याच्या पानावर होतं, "एका खाटेवर दोन बाळं ठेवली तर?" नियम मोडून त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "वॉर्ड आहे का एस.टी. स्टँड?" तो म्हणाला. पण सोय करून ठेवली. आठवड्यानं वॉर्डात छताची नळी फुटली, चार खाटा भिजल्या आणि बाळं दोन-दोन करून ठेवावी लागली.

"आपल्यात कुणीतरी लांबचं बघणारं आहे," मास्तर म्हणाले. आम्ही चौघांनीही माना खाली घातल्या. प्रत्येकाचा चेहरा, कौतुक दुसऱ्याचं चाललंय असा.

बरणीतल्या पेन्सिली झपाट्यानं झिजायच्या. मास्तर दर दोन महिन्यांनी नवा डझन आणून ठेवत.

शेवटच्या आठवड्यात माझ्या पानावर प्रश्न आला, "वजन अजून घेतलंच नसेल तर?"

आमचा प्रोग्रॅम प्रत्येक खाटेसाठी वजनाची एक जागा राखून ठेवी. नवं वजन दिलं की जुनं पुसलं जाई. नवं दिलंच नाही, तर त्या खाटेवरच्या आधीच्या बाळाचं वजन तिथेच राही आणि मशीन त्यावरून हिशोब करी. हे मला ठाऊक होतं. पण वजन केल्याशिवाय बाळ वॉर्डात घेतच नाहीत, आणि ते सगळं बदलायचं म्हणजे तीन दिवसांचं काम. सोमवारी मशीन सुरू व्हायचं होतं. मी प्रश्नाखाली लिहिलं, "असं होत नाही," आणि पान परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी माझं उत्तर रबरानं पुसलेलं होतं आणि प्रश्न पुन्हा लिहिलेला. जास्त गडद.

तिसऱ्या दिवशी पेन्सिल इतकी दाबून लिहिलेलं होतं, की पान उलटं करून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती. मला राग आला. मी रबर घेतलं, प्रश्न खोडला आणि पान मास्तरांकडे दिलं.

"वाचून झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

रविवारी दुपारी ताई बाळंत झाली, सात आठवडे आधी. मुलगी झाली. सोमवारी सकाळी मी आधी वॉर्डात गेले. कोवळं ऊन खिडक्यांतून खाटांवर आलं होतं. ताईची मुलगी तीन नंबरच्या खाटेवर होती, माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी. कोपऱ्यात आमचं मशीन चालू होतं; शनिवारी खाटांवर होती त्या बाळांची वजनं आम्ही त्यात आधीच भरून ठेवली होती. मोठ्या सिस्टरनी त्यातून निघालेली चिठ्ठी खाटेला अडकवली होती.

मी ती सवयीनं वाचली. वजन तीन किलो शंभर.

"सिस्टर, हिचं वजन कधी घेतलं?"

"घ्यायचंय. काटा कालपासून दुरुस्तीला गेलाय. तो गेल्यावर दोनच बाळं आली, ही आणि पाच नंबर. दुपारी घेऊ दोघांचं."

"मग हे तीन किलो कुणाचं?"

त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग मशीनकडे. "तुमच्या मशीनला माहीत असेल ना. मला तर चिठ्ठी आली."

"औषध सुरू केलंत?"

"पाच मिनिटं झाली असतील."

सलाईनची चकती मी स्वतः फिरवून बंद केली. पलीकडच्या पलंगावरून ताईनं विचारलं, "काय गं? काय झालं?"

"काही नाही. चिठ्ठी चुकली होती."

"तूच केलंयस ना ते मशीन?"

"हो."

"मग बरं," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

मोठ्या सिस्टरनी वजन अंदाजानं धरून हातानं हिशोब केला. चिठ्ठीवरचा वेग दुपटीहून जास्त होता. मी तासभर तीन नंबरच्या खाटेपासून हलले नाही. बाळाची छाती वरखाली होताना बघत बसले. मग जिना चढून आमच्या खोलीत गेले.

मास्तरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी वॉर्डात फोन करून मशीन बंद करायला लावलं आणि मग म्हणाले, "चूक पानाची."

"पानाची नाही, मास्तर. मला तीन वेळा विचारलं होतं. मी खोडलं." मी बाकीच्या दोघांकडे वळले. "मला नियम मोडायचाय. ज्यानं विचारलं त्याच्या पाया पडायचंय."

मी अबोलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"मी नाही," ती म्हणाली. "मला कधी पानच मिळालं नाही. ट्रे रिकामा असायचा. मी तिथे बसून आईला पत्रं लिहायची."

बडबड्यानं कान खाजवला. "मी झोपायचो. मला वाटलं, मी बाहेर बोलून टाकीन म्हणून तुम्ही मला वाचायला देत नाही."

आम्ही तिघं मास्तरांकडे वळलो. त्यांचा चेहरा वर्गात पकडलेल्या पोरासारखा झाला होता.

"मी कोडी सोडवायचो," ते म्हणाले. "वाटलं, माझ्या वयाचा मान राखून तुम्ही माझ्यासाठी काही शिल्लक ठेवत नाही."

दीड वर्षात आमच्यापैकी एकानंही दुसऱ्याचं एक पान वाचलं नव्हतं. न विचारण्याचा नियम आम्ही सगळ्यांनी इमानानं पाळला होता.

खाली धोबीखान्यात काहीतरी थांबलं आणि वाफेचा आवाज बंद झाला.

"मग पेन्सिली कोण संपवतं?" बडबड्यानं विचारलं. त्याला विनोद करायचा होता, पण तो अर्ध्यावरच थांबला.

आम्ही चौघं लहान खोलीत गेलो. भर दुपारचे बारा. खिडकी नसलेली ती खोली इतकी लहान, की चौघं मावेनात. वरचा ट्रे रिकामा होता. शनिवारची सगळी पानं खालच्या ट्रेमध्ये होती. त्यांच्यावर एकही शंका नव्हती. फक्त सर्वांत वरच्या पानावर, समासात:

"आता कोण वाचणार?"

त्यानंतर त्या पानांवर कधी काही आलं नाही. आम्ही टेबलं जोडली आणि एकमेकांची पानं समोरासमोर, मोठ्यानं वाचायला लागलो. भांडणं झाली. बडबड्या आणि अबोलीनं एकदा आठ दिवस अबोला धरला. ते कळायलाच आम्हाला चार दिवस लागले. पण काम सुधारलं. वजनाशिवाय चिठ्ठी छापायची नाही, ही ओळ मी लिहिली आणि तिघांनी वाचली. तेवढं चांगलं काम मी पुन्हा कुठे केलं नाही.

ताईची ती मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली. पिवळा स्वेटर तिच्या कपाटात आहे. ती याच धंद्यात आहे, वीस माणसांची टीम सांभाळते. दोघांनी होकार दिल्याशिवाय तिच्याकडे एक ओळ पुढे सरकत नाही म्हणे.

"आणि वाचतं कोण?" मी विचारलं.

ती हसली. "मावशी, वाचायला वेळ कुणाला आहे? बघतात आणि हो म्हणतात." मग म्हणाली, "ती तुमच्या वॉर्डाची गोष्ट लिहून दे ना. सगळ्यांना वाचायला देते."

म्हणून ही पानं लिहिली. शाईच्या पेनानं लिहिली, परवा संपवली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. मी एकटी राहते. घरात पेन्सिल नाही. त्या नोकरीनंतर मी कधी विकत घेतली नाही.

काल सकाळी वॉर्डाच्या पानावर, समासात, सुट्या वाकड्या अक्षरांत होतं, "पाच नंबरच्या खाटेबद्दल लिहिलेलं का काढलंस?"

मी ते पान नव्यानं उतरवून काढलं, तेवढा भाग सोडूनच. दुपारी नव्या पानावर तेच होतं. जास्त गडद.

आज पुन्हा उतरवलं आणि चहा करायला आत गेले. परत आले तेव्हा पान पालथं पडलेलं होतं. मी ते अजून उलटलेलं नाही. मागच्या कोऱ्या बाजूवरून नुसतं बोट फिरवलं, आणि अक्षरं हाताला लागली.