फळीवरचा एलर्ट

आमच्या 'हेर्दिस' बोटीवर कॉफीची वेळ कधी चुकली नाही, लढाई सुरू झाली तरी नाही. मी तिथे स्वयंपाक करत होते. बोटीच्या अंगाला बाहेरून दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून रंग देणाऱ्याची कॉफी दोरीला बांधलेल्या डब्यातून खाली सोडायची आणि त्याने दोरीला दोन हिसके दिले की डबा वर ओढायचा, अशी रीत होती. फळीवर बहुधा एलर्ट असायचा, आमचा म्हातारा तांडेल, खलाशांचा मुकादम. त्याचा डबा परत आला की तळाशी साखर तशीच.

"ढवळून पी की रे म्हाताऱ्या. साखर काय माझ्या बापाने ठेवलीय?"

"ढवळलं की गार होते, बाई. आणि तुझी तर आधीच गार असते."

१९१६चा नोव्हेंबर होता. अमेरिकेतून गहू भरून आम्ही घरी, बर्गनला निघालो होतो. इंग्रज आणि जर्मन लढत होते. आम्ही नॉर्वेची माणसं कुणाच्याच बाजूची नव्हतो. पाणबुडीवाल्यांना ते लांबून कळावं म्हणून बोटीच्या दोन्ही अंगांना मोठा झेंडा रंगवलेला होता. धोक्याचं पाणी जवळ आलं तसा एलर्टने हट्टाने तो पुन्हा रंगवायला घेतला. देशाचा झेंडा फिका कसा दाखवायचा, म्हणाला. शेवटचा हात देत असताना लाट आली आणि फळी रिकामी झाली. अंधार पडेपर्यंत आम्ही त्याला शोधलं. मग कप्तान टोनेसने फळी वर घेऊन सामानाच्या कोठडीत टाकली. त्या दिवशीची कॉफी मी समुद्रात ओतली.

पुढे दोनच दिवसांनी, भर सकाळी, जर्मन पाणबुडी वर आली. पुढ्यात एक गोळा पडला. आम्ही थांबलो. ती इतकी जवळ आली की बोलणं ऐकू यावं. अधिकारी पोरसवदा होता. कप्तानाने पाठवलेले बोटीचे कागद त्याने उघडलेसुद्धा नाहीत.

"कागद कुणीही छापतं," तो आमच्या भाषेत अडखळत म्हणाला. "हा रंग परवाचा आहे. इंग्रज असाच खोटा झेंडा चढवतात. होड्यांत उतरा. बोट बुडवणार."

"साहेब, झेंडा जुनाच आहे, वरून फक्त रंगाचा हात दिलाय," कप्तान म्हणाला. "या गारठ्यात होड्यांतून एकही माणूस किनाऱ्याला लागायचा नाही."

"उतरा."

मी पाव गोणीत भरून कठड्यापाशी आले. होड्या सोडायला माणसं धावली.

आणि खालून आवाज यायला लागला. खर्र, खर्र. पत्र्याने रंग खरवडल्यासारखा.

अधिकारी माझ्या पायांखाली, बोटीच्या अंगावरच्या झेंड्याकडे एकटक बघत होता. बराच वेळ.

"त्याला म्हणावं, पुरे," तो म्हणाला. "दिसलं मला."

"कुणाला?" कप्तानाने विचारलं.

"फळीवरच्याला."

मी वाकून पाहिलं. फळी नव्हती. माणूस नव्हता. लाल रंगाच्या खपल्या मात्र एकेक करून पाण्यात पडत होत्या.

नव्या लालखाली जुना लाल उघडा पडला होता. त्याखाली आणखी जुना, उन्हाने विटलेला.

"इतकी वर्षं कुणी खोटा झेंडा रंगवत नाही," अधिकारी म्हणाला. "जा तुम्ही."

पाणबुडी वळली. जाता जाता तो ओरडून म्हणाला, "म्हाताऱ्याला वर घ्या. पार भिजलाय."

कप्तानाने टोपी काढली. कोठडी मी स्वतः उघडून पाहिली. फळी जिथे टाकली होती तिथेच होती, कोरडी.

मी मोजूनमापून चालणारी बाई. यातलं मला काही उलगडत नाही आणि उलगडावं असंही वाटत नाही. आम्ही सगळे घरी पोचलो ते एलर्टमुळे; त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या दुपारी मी कॉफी दुप्पट कडक केली. उकळती डब्यात ओतली, साखर घातली आणि झेंड्याच्या बाजूने डबा खाली सोडला. कुणी मला हसलं नाही.

दोरीला दोन हिसके बसले.

मी डबा वर ओढला. कडीवर लाल अंगठा उमटला होता, ओला. कॉफी संपली होती. तळाशी साखर तशीच होती.

या वेळी मी साखरेवरून बोलले नाही.