कॉलिनची ड्युटी

वयस्कर माणसं गाडी नीट चालवतात की नाही, हे तपासणं रूपालीचं रोजचं काम. त्या दुपारी ती केंब्रिजजवळच्या खेड्यात रिटायर्ड ब्रिगेडियर हरिदास ओव्हाळ यांच्याकडे आली होती. आजोबा महार रेजिमेंटात, नातू ब्रिटिश सैन्यात ब्रिगेडियर! बेलफास्ट, बोस्निया, बसरा अशा आघाड्या पचवून आलेला हा माणूस, आणि आता लायसन्स एका पोरीच्या हातात. गाडी गेली की घर सोडून केअर होम गाठायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता.

रूपालीने त्यांच्या गाडीचं पुढचं दार उघडलं. रिकाम्या सीटला बेल्ट लावलेला होता.

"मागे बस, पोरी. पुढे कॉलिन असतो."

"कॉलिन कोण, काका?"

"बसऱ्यातला माझा बॉडीगार्ड. ड्रायव्हरशेजारी बसायचा. धोका दिसला की डॅशबोर्डवर दोनदा टकटक. तिथेच गेला बिचारा. पण ड्युटी सोडली नाही पठ्ठ्याने!"

म्हातारा थट्टा करतोय, दुसरं काय! रूपाली हसत मागे बसली.

धुकं उतरत होतं. ब्रिगेडियर ऐटीत चालवत होते. चौक आला, पण त्यांनी डावीकडे मान वळवलीच नाही.

टक. टक.

ब्रेक कचकन लागला. डावीकडून आलेली लॉरी अगदी नाकासमोरून गेली. ब्रिगेडियरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते. गाडीत वाळवंटातल्यासारखा तापलेल्या धुळीचा वास भरला.

"काका... लॉरी दिसली होती तुम्हाला?"

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "त्याला दिसली."

घरी परतल्यावर रूपालीला फार वाईट वाटलं. "सॉरी काका. मी पास नाही करू शकत... really sorry."

ते उतरून पलीकडच्या दाराशी गेले. मग ताठ उभे राहून त्यांनी रिकाम्या सीटचा बेल्ट सोडला.

"कॉलिन, आता या पोरीला सांभाळ. ऑर्डर आहे."

रूपालीचे डोळे भरून आले. ती आपल्या गाडीत बसून एकटीच पिनरला आपल्या घराकडे निघाली. गाव मागे पडलं आणि बेल्टचा अलार्म वाजू लागला. तिचा बेल्ट तर लावलेला होता. शेजारची सीट रिकामी.

खट्. शेजारचा बेल्ट लागला. अलार्म थांबला.

पुढे सरळ, मोकळा रस्ता. ना चौक, ना वळण.

टक. टक.

लॉरी आठवून तिने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला. काहीच आलं नाही. तिने पुन्हा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला.

टक. टक.

"कॉलिन... काय आहे पुढे?"

खट्. शेजारचा बेल्ट सुटला. डावीकडचं दार उघडलं, आणि कुणीतरी उतरावं तशी गाडी किंचित हलली.

मेल्यावरही ड्युटी न सोडणारा कॉलिन उतरून गेला होता. समोरचा रस्ता अजूनही मोकळाच होता.