सळई जिथे थांबली

उत्तर मिनेसोटातल्या त्या दलदलीत माझा डावा बूट गुडघ्यापर्यंत रुतला, तेव्हा बारीक पण चिवट पाऊस पडत होता.

"ओढू नका... टाच आधी फिरवा," मागून कोणी मराठीत म्हणाले. "मोजणीच्या परवानगीच्या ईमेलवर नाव वाचलं होतं — ज्ञानदा. म्हटलं, मराठीच असणार."

टाच फिरवायची हे मला ठाऊक होते. तरी मी त्याचा हात धरला. त्याचे शास्त्रीय समर्थन मला अजून सापडलेले नाही.

तो राजस. त्याच्या वडिलांनी, ईडन प्रेरी या उपनगरातल्या निवृत्त रवींद्रकाकांनी, ही जमीन पीटसाठी घेतली होती. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली न कुजता साचलेले शेवाळ. ते खरवडून कुंड्यांच्या मातीत मिसळायला विकतात. आता दलदल संरक्षित ठरली होती. राजसचा पीट काढायचा परवाना आता एकाच हंगामापुरता उरला होता; तोही त्याने आपणहून सोडला, तर शिल्लक पीटच्या जाडीप्रमाणे सरकारकडून भरपाई मिळणार होती. लांब सळई तळापर्यंत खुपसून ती जाडी मोजणे माझे काम.

त्या शरद ऋतूत तो माझ्या सळया वाहू लागला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागे... आणि मी वाचलेला आकडा पुन्हा वाचे.

"घरी विचारतील, मुलगा काय करतो. काय सांगशील?" त्याने एकदा विचारले.

"चिखल वाहतो."

"पीएचडीवाल्यांपेक्षा बरंय."

शेवटच्या दिवशी सळई कुठेही न अडता खूप खोल गेली. राजसचा चेहरा उजळला. मी नळीने नमुना वर काढला: वरचा अर्धा भाग तपकिरी पीट, खालचा अर्धा जुन्या तळ्याचा करडा गाळ.

"सळई गेली ना, यार. जेवढी गेली तेवढं लिही."

"सळईला गाळ कळत नाही."

"कळणारी इथे तू एकटीच आहेस." मग त्याचा आवाज खाली आला. "ज्ञानदा... हे मिटलं की लग्न करू. ॲन आर्बरला, तुझ्या नव्या नोकरीच्या गावी. मी येतो तिकडे."

मला मागणी घातली गेली होती. अट म्हणून एक चुकीचा आकडा होता.

"हे काल विचारायचं होतंस," मी म्हणाले. "हो म्हटलं असतं."

"आणि आज?"

मी खरी जाडी लिहिली. तो पाहत होता. सळया मात्र त्याने गाडीपर्यंत पोचवल्या.

भरपाई त्याच्या अपेक्षेच्या निम्म्यावर आली; त्याने ती नाकारली आणि परवाना ठेवला.

मे महिन्यात मी ॲन आर्बरहून शेजारची जमीन मोजायला आले. राजसच्या काळ्या, चर खणून कोरड्या केलेल्या रानावर पीट खरवडणारे मशीन फिरत होते. वाऱ्याबरोबर तपकिरी धूळ उडत होती. मला पाहून तो खाली उतरला, थर्मासमधला चहा माझ्यापुढे केला. आम्ही हवामानाविषयी बोललो.

"तुझं माप बरोबर होतं," तो निघताना म्हणाला. "तू सांगितलंस, तिथेच गाळ लागतो. तिथवर काढतो... आणि थांबतो."

त्याच्या स्वरात टोमणा नव्हता, कौतुक होते. माझ्या कामाची इतकी काटेकोर पडताळणी आजवर दुसऱ्या कोणी केलेली नाही.