तिसरी खेप

केळीचा ट्रक यायला अजून वेळ आहे. घड रचून झालेत, आणि आता आडवे झालात तर तुमच्यातला एकही उठायचा नाही. तेव्हा बसा, सांगतो. मध्येच कुणी हसायचं मात्र नाही. ज्यांची ही गोष्ट, ते माझे सख्खे साडू.

आपली नगरपालिका तुम्हाला माहीतच आहे. नाव एवढं मोठं, पण बाजाराचा चौक ओलांडला की संपली. बाकी सगळं रान. केळी, ऊस, मका, आणि त्यात कुठं कुठं सांडल्यासारख्या वस्त्या. गावात नळ आहेत, वस्त्यांना नाहीत. उन्हाळ्यात विहिरींनी तळ दाखवला की सगळ्यांची भिस्त एका टँकरवर. तो टँकर साडू चालवायचे. नोकरीसाठी नव्यानंच इथं आलेले, हा त्यांचा पहिला उन्हाळा. रस्ते अजून अंगवळणी पडले नव्हते.

शनिवारची रात्र होती, अमावास्येच्या आदली. टँकर बंद पडला होता तो संध्याकाळी दुरुस्त झाला. पाणीखात्याच्या साहेबांनी सांगितलं, माळावरची वस्ती कोरडी आहे, आजच्या आज खेप टाकून या. साडू जेवून निघाले. बायकोला म्हणाले, लगेच येतो, कडी लावू नकोस.

पंपावर टाकी भरली. पंपावरचा म्हातारा पेंगत होता, त्यानं काही विचारलं नाही. पुढे उसाच्या मधोमध रस्त्याला फाटा फुटतो. डावीकडे की उजवीकडे, साडूंना आठवेना. तेवढ्यात दिव्याच्या झोतात एक बाई दिसली. उजवीकडच्या वाटेवर उभी राहून हात करत होती. साडूंना हायसं वाटलं.

वस्तीत रांग लागलेलीच होती. हंडे, कळशा, तेलाचे डबे. टँकर आल्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलंय. आयाबाया एकमेकींच्या झिंज्या धरतात. इथं कुणी बोलत नव्हतं. भांड्याला भांडं लागल्याचाही आवाज नाही. दमली असतील बिचारी, असं साडूंना वाटलं.

त्यांनी पाइप सोडला. त्याच बाईनं हंडा पुढे केला. पाणी पडत राहिलं... पडत राहिलं. हंडा भरेना. फुटका असेल म्हणून साडूंनी खाली बॅटरी मारली. खाली धूळ होती. कोरडी.

पुढची कळशी. तेच. त्यापुढचा डबा. तेच.

"कुणी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं," साडू मला नंतर म्हणाले. पण कुणी काही बोललं नाही. जो तो आपल्या भांड्यात डोकावायचा आणि मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. टाकी संपली. तेव्हा एक एवढीशी पोरगी पुढे आली आणि पाइपाचं तोंड चाटू लागली.

"संपलं," साडू म्हणाले. "आणखी आणतो."

बाई म्हणाली, "सगळे असंच सांगून जातात."

साडू पंपावर परत आले. आता म्हातारा जागा होता. एवढ्यात कशी रिकामी झाली, असं त्यानं विचारलं, साडूंनी सांगितलं, आणि म्हाताऱ्याचा हात बटणावरच राहिला. मग तो हळू आवाजात बोलला. फाट्याच्या उजवीकडे वस्ती नाही. होती. एका उन्हाळ्यात टँकर तिकडे फिरकलाच नाही. लोक खड्ड्यातलं पाणी प्यायले. त्याच पाण्यात मळेवाले फवारणीचे पंप धुवायचे. आधी पोरं गेली, मग मोठी माणसं. उरलेल्यांनी गाव सोडलं. आता नुसत्या भिंती आहेत. "तू घरी जा बाबा," म्हातारा म्हणाला.

साडूंनी टाकीचं झाकण उघडलं. मग म्हणाले, "आणतो म्हणून सांगून आलोय. टाकी भर."

मी असतो तर गेलो नसतो, पोरांनो. खरं सांगतो. साडू गेले. त्यांना वाटलं, या वेळी भरेल. निदान एक तरी भरेल.

नाही भरलं.

तिसऱ्यांदा पंपावर आले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. ओठ फुटून रक्त आलं होतं. म्हाताऱ्यानं प्यायला पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला सारलं. नुसती खूण केली... भर. म्हातारा पाया पडला. तरी तीच खूण. शेवटी त्यानं भरलं. काय करणार होता?

या खेपेला रांग वाढली होती. शेवट दिसत नव्हता. पाइप सोडला... पाणी पडत राहिलं. पहिली बाई. पोरगी. मग दुसरे... मग आणखी... सगळे त्यांच्याकडे बघत होते. रागानं नाही. नुसते... बघत.

उजाडता उजाडता मेव्हणी माझ्या दारात आली. तिनं रात्रभर कडी उघडी ठेवली होती. मी म्हाताऱ्याला घेऊन निघालो. वाटेत माळावरचे लोक भेटले, तेही रात्रभर रिकाम्या हंड्यांपाशी बसलेले. उजवीकडच्या वाटेनं गेलो. पडक्या भिंतींमध्ये टँकर उभा. टाकी ठणठणीत कोरडी. तीन खेपांचं पाणी सांडलं असतं तर चिखल नको व्हायला? ओलीचा डागसुद्धा नव्हता. साडू उभे होते, पाइप हातात घट्ट धरून. जिवंत होते. डोळे उघडे. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

महिनाभर ते बोलले नाहीत. मग एका दुपारी मला हे सगळं सांगितलं, एकदाच. पुन्हा टँकरवर चढले नाहीत. अजून घरात भरलेला माठ दिसला की उठून अंगणात जातात.

पण त्यांना एक गोष्ट मी आजवर सांगितलेली नाही. त्यांना धरून नेताना माझं लक्ष टँकरच्या पायरीवर गेलं, ड्रायव्हरच्या बाजूला. तिथं एक जर्मनची तपेली ठेवली होती. चेमटलेली, पण घासून लख्ख केलेली. वर झाकायला पान. ताजं. म्हातारा मागे सरला. मी पान उचललं...

आत पाणी होतं. काठोकाठ. गार.