माळावरचं खारं गुपित

"साहेब, जमिनीतून तेल काढायला मीठ कशाला लागतं हो?"

हन्नाने विचारून टाकलं. कान तापले, पण ती जागची हलली नाही. मागे तरवडाच्या झुडपाआड चांगुणा आणि कारभारी तोंडावर हात दाबून बसले होते. पैज त्यांचीच होती: हे फोरमनला तोंडावर विचारून दाखव, मग मानतो तुला. वर्षभरापूर्वी हन्नाला वर्गात "हजर" म्हणतानाही धाप लागायची. मग स्नेहसंमेलनात ऐनवेळी राजाचं काम तिच्या गळ्यात पडलं, तिने ते दणकून केलं, आणि तेव्हापासून कृपादान मास्तरांच्या या मुलीला गप्प बसवणं घरात कुणालाच जमत नव्हतं.

फोरमनने चहाची बशी खाली ठेवली. त्याच्यामागे लोखंडी मनोरा धडधडत होता. बोरमाळच्या काळ्या खडकाखाली तेल आहे का हे बघायला एक कंपनी हिवाळ्यात इथे आली होती. आता बहात्तर सालचा मे महिना तापला होता, आणि भोक अजून खाली खाली चाललंच होतं.

"कसलं मीठ?" फोरमन म्हणाला.

"ट्रकमधून पोती उतरतात ते. एक पोतं फाटलं होतं. कारभारीनं चाटून बघितलं."

"स्वयंपाकाला लागतं."

"एवढं? मग तुम्हाला पाणी फार लागत असेल."

फोरमन हसला नाही. त्याने एकदा टेकडीकडे पाहिलं आणि मग हन्नाकडे. "पुन्हा इथे दिसलीस तर तुझ्या वडिलांना बोलावून घेईन. चल, नीघ."

झुडपाआड पोचताच हन्ना धपकन खाली बसली. "खोटं बोलला. आणि मिठाचं विचारल्यावर त्यानं टेकडीकडे का बघितलं?"

"मान आखडली आसंल," कारभारी म्हणाला. "हन्ने, उगं काड्या करू नगंस. माझे आप्पा हितं टॅक्टर चालवत्यात. ह्ये काम हाय म्हून घरात चूल पेटतीया."

"मी काय काम बंद पाडतेय का? नुसतं विचारलं."

"तुझं नुसतं इचारणं लई म्हाग पडतं बाबा," चांगुणा म्हणाली, आणि तिघंही हसली.

पण गावाकडे वळताच चांगुणाचं हसू गेलं. तिची आई गोजरबाई मेंढरांच्या वाड्याच्या काट्याकुपाट्यांपाशी उकिडवी बसली होती. तिच्यासमोर एक मेंढी पाय ताणून पडली होती. मेलेली. पंधरवड्यात अशी कितवी तरी.

गोजरबाईचं सगळं पोट या मेंढरांवर होतं. उन्हाळ्यात शेतकरी तिचा कळप रात्री आपल्या मोकळ्या रानात बसवून घेत. मेंढरांच्या लेंड्यांचं खत शेताला, आणि त्याच्या बदल्यात ज्वारी गोजरबाईला. आता कुणी तिला रानात येऊ देत नव्हतं.

सरपंच आबासाहेब लांबच उभे होते. "गोजरबाई, म्या काय तुझा वैरी न्हाई. पन माळावरची ही हरणं रोग घिऊन आल्यात, त्यो तुझ्या मेंढरांना लागला. उद्या आमच्या बैलांना लागला तर पेरनी कशानं करू? सोमवारी शेवगावहून बंदुकवाले येनार हायेत. हरणांचा निकाल लावू. आन तू बी सोमवारपातूर गावची शिव सोड."

"कुटं जाऊ, आबा?"

"गंगथडीला जा. तिकडं चारा हाय."

चांगुणाने आईचा पदर घट्ट धरला. गंगथडी म्हणजे गोदावरीकाठ, पार लांब. सातवी पास होऊन ती जूनमध्ये हन्नाच्या शाळेत, आठवीत येणार होती. शिव सोडली की शाळाही सुटली.

हन्ना मेंढीपाशी वाकली. "मावशी, हिच्या ओठांना काळं काय लागलंय?"

"चिखल आसंल."

"माळावर चिखल? ह्या उन्हात?" तिने काडीने तो काळा थर खरवडून नाकाशी नेला. "डिझेलचा वास येतोय."

कारभारीने वास घेतला. त्याच्या आप्पांच्या कपड्यांना रोज हाच वास यायचा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव सावलीला आडवं झालेलं असताना, तिघं टेकडीवर चढली. बोरीच्या जाळीत शिरताना हन्नाच्या परकराला काटे लागले, कारभारीच्या कानाला लागले, आणि चांगुणा मात्र सापासारखी सरसर आत गेली.

"तुला काटे ओळखतात वाटतं," हन्ना कुजबुजली.

"गप. आवाज ऐक."

टेकडीमागून ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत मोठी टाकी होती. खालच्या खळग्याशी तो थांबला, फोरमनने हात केला, आणि टाकीतून राखाडी, दाट गाळ भसाभस खळग्यात पडू लागला. वरून काळा तवंग सरकत होता. खळग्याच्या कडांना पांढरं काहीतरी फुललेलं होतं, जसं आटलेल्या पातेल्याच्या काठाला दिसतं.

"मीठ," हन्ना म्हणाली. "ते भोक पाडताना मीठ वापरतात. आणि वापरून झालेला गाळ इथे."

ट्रॅक्टर वळला तेव्हा चालवणाऱ्याचं तोंड दिसलं. कारभारीने मान खाली घातली. ते त्याचे आप्पा होते, गहिनीनाथ.

तेवढ्यात चांगुणाने हन्नाचं कोपर दाबलं. पलीकडच्या उतारावरून काळविटांचा कळप येत होता. पुढे पिळदार शिंगांचा काळा नर, मागे फिकट माद्या आणि एक लडखडतं पाडस. हरणं कडेला आली, गुडघे टेकून मीठ चाटू लागली.

"आमची मेंढरं बी हितंच येत आसनार," चांगुणा म्हणाली. "त्यास्नी मीठ म्हंजे पेढा. हरणांनी काय सुदीक क्येलं न्हाई. तीबी आमच्यावानीच फसल्यात." ती उठली, टाळ्या वाजवत उतारावरून धावत सुटली. कळप हवेत उडाल्यासारखा पसार झाला.

संध्याकाळी हन्नाने आबासाहेबांना सगळं सांगितलं. सांगताना हातवारे जरा जास्तच केले. आबासाहेबांनी फोरमनला निरोप धाडला, आणि सकाळी सगळे मिळून टेकडीमागे गेले.

खळगा नव्हता. तिथे मुरूम पसरून सपाट केलेली जागा होती.

"ट्रक वळवायला केलीय," फोरमन म्हणाला. "पोरांनी उन्हात काहीतरी बघितलं असेल. तुम्ही मोठी माणसं, तुम्हीही यांच्या नादी लागता?"

आबासाहेबांचं तोंड लाल झालं. "मास्तरांची पोर म्हून ऐकून घेतलं. कारभारी, तू तर हितलाच. तू काय बघितलंस?"

कारभारीने आप्पांकडे पाहिलं. गहिनीनाथ ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत होते.

"काय न्हाई," कारभारी म्हणाला.

परतताना हन्ना त्याच्या चार पावलं पुढे चालत होती. शेवटी तोच म्हणाला, "बापाचं नाव कसं घिऊ? तू घेतलं आसतंस?"

हन्नाने पायाने एक खडा उडवला. "नसतं घेतलं," ती कबूल झाली. "मग असं काहीतरी करायला हवं की कुणालाच कुणाचं नाव घ्यावं लागणार नाही."

"सोमवारी कंपनीचे मोठे सायब येनार हायेत," कारभारी हळूच म्हणाला. "गाडेकर सायब. आप्पा सांगत हुते. म्हूनच मुरूम टाकला."

वाड्यापाशी गोजरबाई एक मोठा सपाट दगड पाण्याचा हात फिरवून पुसत होती. शेजारी मिठाची वाटी. दर रविवारी, खंडोबाच्या वाराला, ती या दगडावर मीठ पसरायची आणि मेंढरं रांगेने चाटायची. तिच्या सासूने हेच केलं होतं, सासूच्या सासूनेही.

हन्ना त्या दगडाकडे बघतच राहिली.

"मावशी, आज मीठ देऊ नका."

"येडी का खुळी? देवाचा वार हाय. मेंढरं रातभर वरडत्याल."

"ओरडू द्या. उद्या ती मिठासाठी वेडी झालेली हवीत. माणसांना मुरूम दिसला. मेंढरांना काय दिसेल?"

गोजरबाईचा हात थांबला. "माझी मेंढरं तुझ्या खेळासाठी न्हाईत, पोरी. इषाच्या त्वांडी पुन्यांदा लावू व्हय त्यास्नी?"

"तोंड लावायच्या आत अडवू," चांगुणा मध्ये पडली. "आये, उद्या तर शिव सोडायची हाय. मग ऱ्हायलंय काय आपल्याकडं?"

गोजरबाईने वाड्यातल्या मेंढरांकडे पाहिलं. मग मिठाची वाटी उचलली आणि पदराखाली झाकली. "खंडोबा, माफ कर रं," ती पुटपुटली.

सोमवारी जीप आली. गाडेकर साहेब उंच होते, उन्हाने रापलेले, आणि घाईत. मनोऱ्यापाशी आबासाहेब, गावकरी आणि शेवगावचे बंदुकवाले जमले होते. हन्नाचे वडीलही आले होते, ते मुख्यतः हन्नाला आवरायला.

"साहेब, टेकडीवर चला ना जरा," हन्ना म्हणाली.

"हन्ना," मास्तर म्हणाले.

"नुसतं उभं राहायचंय, बाबा. काही विचारत नाहीये मी आज."

साहेबांना गंमत वाटली असावी. ते चढले, मग सगळेच चढले. फोरमन शेवटी आला.

खाली गोजरबाईने वाड्याची काटेरी फाटी बाजूला केली. मेंढरं बाहेर पडली. डावीकडे सुकं गवत होतं, उजवीकडे बाभळीच्या शेंगा पडल्या होत्या. कळपाने दोन्हींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्होरक्या एडका मान वर करून हुंगत राहिला आणि मग थेट टेकडीमागच्या मुरमाकडे सुटला. मागून सगळा कळप, धूळ उडवत. त्या सपाट जागेवर, बरोबर मधोमध, एडका थांबला आणि खुरांनी मुरूम उकरू लागला.

"हुर्र, हुर्र," गोजरबाई आणि चांगुणा काठ्या आडव्या धरून मधे घुसल्या. कारभारीही धावला. एक मेंढी तर त्याने मागचा पाय धरूनच ओढली. हन्ना उकरलेल्या जागी गुडघ्यांवर बसली आणि हातांनी मुरूम बाजूला करू लागली. खाली राखाडी गाळ होता. ओला, आणि उग्र वासाचा.

गाडेकर साहेबांनी खाली येऊन तो चिमटीत घेतला. हुंगला. त्यांची घाई कुठच्या कुठे गेली.

"पक्का खड्डा खणायचा होता ना? तळ चोपून, भोवती कुंपण घालून?"

"तो भरला, साहेब," फोरमन म्हणाला. "दुसरा खणायचा म्हणजे यंत्र थांबवावं लागलं असतं. पण हे मी सांगितलेलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं परस्पर केलंय."

कारभारी ताठ झाला. त्याने तोंड उघडलं, पण त्याआधीच गहिनीनाथ पुढे आले.

"गाळ म्याच वतला, साहेब. रोज. सांगनारे ह्येच हुते. मेंढरं मरत्यात ह्ये कळलं, तवा बी गप ऱ्हायलो. आता काढायचं आसंल कामावरनं तर काढा."

गाडेकर साहेबांनी बोटांवरचा गाळ रुमालाला पुसला.

"तुम्ही राहाल," गाडेकर साहेब म्हणाले. "हा गाळ उपसायचं काम तुम्हीच करायचंय." मग फोरमनकडे वळून, "तुम्ही जीपमध्ये बसा. आपल्याला बोलायचंय." ते आबासाहेबांना म्हणाले, "तेलाचा शोध थांबणार नाही. तेल देशाला हवंय, आणि तुमच्या लोकांना रोजगार. पण नवा खड्डा तयार होईपर्यंत यंत्र बंद. बाईंच्या मेंढरांची भरपाई कंपनी देईल."

"आणि हरणं?" हन्ना म्हणाली. आज विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. "त्यांना भरपाई घेता येत नाही."

गाडेकर साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कंपनीच्या टँकरमधलं चांगलं पाणी टेकडीपलीकडे हौद करून त्यात सोडू. ट्रकची वाट त्यांच्या बसण्याच्या जागेपासून दूर वळवू. चालेल?"

"चालेल," हन्ना म्हणाली, जणू कंपनी तिच्याच मालकीची होती.

आबासाहेबांनी बंदुकवाल्यांना चहा पाजून परत धाडलं. मग डोक्यावरचा पटका सारखा करत ते गोजरबाईसमोर उभे राहिले. "माझ्या मळ्यात आजच रातीला मेंढरं बसीव. चुकलं माझं." आणि हन्नाच्या वडिलांकडे वळून, "मास्तर, तुमची पोर वकील हुनार, न्हाईतर आमच्या डोक्याला ताप हुनार. पन पोरगी खरी."

चांगुणा आणि कारभारीच्या पाठीवरही थापा पडल्या.

घरी हन्नाची आई, मरियाबाई, ट्रंक भरत होत्या. सकाळच्या एसटीने सगळे सुटीसाठी कोल्हारला, मामाकडे जाणार होते. तिथे प्रवरेचं पाणी, आंबे आणि मामेबहिणी होत्या.

"तुझे कपडे दे, हन्ना."

हन्ना उंबऱ्यातच उभी राहिली. नखांत अजून तो राखाडी गाळ होता. "मी येत नाहीये, आई."

ट्रंकेचं झाकण अर्ध्यात थांबलं. मास्तरांनी चष्मा काढला. "आता काय? सगळं मिटलंय ना?"

"साहेब आज संध्याकाळीच परत जाणार. नवा फोरमन कसा असेल, कुणाला ठाऊक? खड्डा खरंच पक्का होतो का, कुंपण चारी बाजूंनी घालतात का, हौदात रोज पाणी पडतं का, कोण बघणार? चांगुणाच्या मागे मेंढरं, ती एकटी किती बघणार? आणि कारभारीच्या घरचे तिथेच कामाला, तो कसा बोलणार?" तिने श्वास घेतला. "मी गोजरमावशींकडे राहणार. त्यांना विचारून आलेय. रोज सकाळी मी आणि चांगुणा खड्ड्याला फेरी घालणार. पाऊस पडू दे, पाण्यानं भरल्यावरही तो खड्डा फुटत नाही हे माझ्या डोळ्यांनी बघू दे, मग मी कोल्हारला येईन. तोवर माझ्या वाटचे आंबे मामेबहिणींना द्या."