उकंडरावांच्या पँटीवर लेसर

"पकडा त्याले! दुकानातून लेसर मारून राह्यला तो!"

उकंडराव कमरेला टॉवेल गुंडाळून मेडशीच्या भर रस्त्यात उभे होते. हातात अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेली त्यांची फौजेतली खाकी पँट होती आणि तिच्यावर बोटभर लांब जळकी रेघ. आठवड्यातली ही दुसरी वेळ. रस्त्यापलीकडे रेडिओदुरुस्तीच्या दुकानात चांदभाई एका ट्रान्झिस्टरचं पोट उघडून बसले होते. त्यांनी गोंधळून मान वर केली.

लेसरचं खूळ गावात आणलं उकंडरावांनीच. शाळेला सुट्टी लागल्यापासून ते रोज संध्याकाळी अंगणातल्या कडुलिंबाखाली मुलांना लढाईच्या गोष्टी सांगत. व्हिएतनामात अमेरिकेची विमानं पुलावर लेसरचा ठिपका पाडायची आणि बॉम्ब नेमका त्या ठिपक्यावर जाऊन आदळायचा, हे त्यांनीच सांगितलं. गोष्ट खरी होती. पण तेव्हापासून त्यांना चांदभाईंच्या दुकानातल्या रेडिओच्या लाल दिव्यातही लेसर दिसायला लागला होता.

पोलीस पाटील माणिकराव आले. म्हणाले, "चांदभाई, उद्या पुन्हा जळालं तर तुमाले मालेगावच्या ठाण्यात न्या लागन. दुकानाले कुलूप लागन."

चांदभाईंची सकीना तेव्हा सातवीत होती. तिला रडू आलं नाही, राग आला. तिने वर्गातल्या जगदेव आणि रतनसिंगला शाळेच्या ओट्यावर गाठलं.

"लेसर एका जागी मारला तर भोक पडन. रेघ काहून पडली?" ती म्हणाली.

"मारणाऱ्यानं सरकवला असन," रतनसिंग म्हणाला.

"माह्या अब्बाच्या हातात चहाचा कप थरथरते. ते इतकी सरळ रेघ मारतीन?"

जगदेव डोकं खाजवत राहिला. "आपोआप सरळ सरकते असं काय हाय बे? सावली सरकते."

"सावली सरकते म्हंजे ऊनबी सरकते," सकीना म्हणाली. तिची नजर उकंडरावांच्या लिंबाकडे गेली. "रतन, उद्या सकाळी तुही पाटी आण."

दुसऱ्या दिवशी उकंडरावांनी मुद्दामच पँट दोरीवर टाकली. लिंबाला टांगलेल्या गोल आरशात दाढी केली. फौजेच्या कँटीनमधला तो आरसा, चेहरा दुप्पट मोठा दाखवणारा. मग ते पाटलांना घेऊन ओसरीवर दबा धरून बसले.

ऊन वर आलं आणि पँटीतून धूर निघाला.

"पाहा पाटील! सुरू झालं!"

तेवढ्यात तिघं अंगणात आले. सकीनाने विचारलं, "काका, लेसर वाकडा जाते का?"

"कधीच नाही. एकदम सरळ. त्यातच तर त्याची ताकद हाय."

रतनसिंगने पाटी पँट आणि दुकान यांच्या मधोमध धरली. धूर निघतच राहिला. उकंडराव उठून उभे राहिले.

"आता इकडून धर," सकीना म्हणाली.

रतनसिंग वळला आणि त्याने पाटी पँट आणि आरसा यांच्या मध्ये धरली. धूर थांबला. काळ्या पाटीवर मुगाच्या दाण्याएवढा उन्हाचा ठिपका लखलखत होता. जगदेवने त्यात बोट घातलं आणि "आई गं!" म्हणून मागे घेतलं.

"खोलगट आरसा हाय, काका. भिंगावानी ऊन एका जागी गोळा करते. सूर्य सरकला का ठिपका सरकते," सकीना म्हणाली.

माणिकरावांनी दोरीपलीकडची कडब्याची गंजी पाहिली. आरसा हातभर पुढे असता तर ठिपका गंजीवर पडून अख्खी आळी पेटली असती. "उकंडराव, दाढी झाली का आरसा उतरवत जा. फौजेत तुमी गेलते, पण दुश्मन या पोट्ट्यांनी हुडकला," ते म्हणाले आणि तिघांच्या पाठीवर थाप दिली. उकंडरावांनी खाली मान घालून आरसा उतरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साबण, वस्तरा आणि तो आरसा घेऊन ते रस्ता ओलांडून गेले. चांदभाईंच्या पायरीवर बसून त्यांनी सगळ्या गावादेखत दाढी केली.

"चांदभाई, माफ करा मले. हे हत्यार आता तुमच्याच दुकानात राहू द्या. माह्या हातात ते बरं नाही."

चांदभाई हसले. "रोज या. चहाबी घेत जा."

सकीनाने आरसा घेतला आणि तोंड भिंतीकडे करून खिळ्याला टांगला.